पानांचा पोशाख

गुडघे गेल्यापासून लोवेलला शिकारीच्या मचाणावर चढवत नसे. यंदा तो विस्कॉन्सिनमधल्या स्वतःच्याच रानात, अंगभर कापडी पानं शिवलेला पोशाख घालून ओकच्या बुंध्याशी बसला. हरीण टप्प्यात आलं. त्याने धनुष्याची दोरी ताणली, तोच पायवाटेवरून बोलणं ऐकू आलं आणि हरीण उधळलं. त्याचा मुलगा क्लेटन कुणा गिऱ्हाइकाला रान दाखवत होता.

"म्हातारा सही करेल?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"करेल की. कशावर करतोय ते त्याला कळतंय कुठं?"

दोघं लोवेलच्या बुटांजवळून गेले. पानांच्या पोशाखातला तो त्यांना दिसलाच नाही.

संध्याकाळी जेवताना क्लेटनने विचारलं, "काय बाबा, दिसलं का हरीण?"

"दिसलं. तुझ्या आवाजाने पळालं."

क्लेटनचा चमचा हातातच राहिला. लोवेलने बटाट्यांचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं.