साखळी सुटलेले भिंग

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. पितळी कडे, लाकडी मूठ आणि काचेच्या काठाला एक टवका. हल्ली फार बोलवत नाही, तरी तुम्ही बसलाच आहात तर सांगते.

ज्या बाईंनी मला घासून घडवले, त्यांनी मला उजेडाकडे धरले आणि म्हणाल्या, "जा, कुणाच्या तरी कामी ये." मला वाटले, माझ्या वाट्याला फुलपाखरे येतील, नकाशे येतील. वाट्याला आले सरकारी कचेरीतले वाचनदालन. एक लांब टेबल, दोन डुगडुगणारी बाके आणि टेबलाला साखळीने बांधलेले मी. चोरून न्यावे अशी माझी किंमत नव्हती. पण साखळी मंजूर होऊन आली होती, म्हणून बांधली.

तेव्हा एक नियम होता. कारखाने आपल्या कामगारांचा आजारपणाचा विमा एकत्र काढत. तो विमा उतरवणाऱ्या कंपन्यांना दरवर्षी सरकारला लिहून द्यावे लागे, की कोणत्या कामातल्या किती माणसांना कोणत्या आजारासाठी मदत दिली, किती जणांना नाही म्हटले आणि का. ते कागद आमच्या दालनात येत. कुणीही यावे आणि पाहावे. कंपन्याही काही कमी नव्हत्या. त्या ही माहिती इतक्या बारीक अक्षरांत छापत की धडधाकट डोळ्यांच्याही नाकी नऊ यावेत. म्हणून माझी नेमणूक.

दालनाचे कारकून येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत, "सावकाश वाचा, घाई नाही." त्यामुळे सगळी कचेरी त्यांना सावकाशराव म्हणे. ते रोज सकाळी मला रुमालाने पुसत. शिवणकाम करणाऱ्या बाया येत, वाहनचालक येत, कुणाचा सासरा, कुणाची नणंद येई. एका आजोबांनी तर जाताना माझ्या मुठीला नमस्कार केला होता. त्या दिवसांत मी दमत असे, पण ते दमणे गोड होते.

मग वरून पत्र आले. ही माहिती देणे कंपन्यांना जिकिरीचे होते, कागद फार साठतात आणि ते कुणी वाचत नाही; म्हणून नियम रद्द. 'कुणी वाचत नाही' ही ओळ सावकाशरावांनी मला हातात घेऊन वाचली. मी ती मोठी करून दाखवली. माझे कामच ते.

कपाटे रिकामी झाली. कागद टेम्पोत भरून रद्दीत गेले. साखळी कापली गेली आणि मी सावकाशरावांच्या खणात जाऊन पडले. त्यांना टापटिपीची भारी आवड. खणाला शाईचे डाग पडू नयेत म्हणून त्यांनी टेम्पोत चढणाऱ्या गठ्ठ्यातला वरचाच एक कागद ओढून खाली अंथरला होता. मी त्यावर पालथे पडून राहिले. दिवसातून दहादा ते टाचण्यांसाठी खण उघडत, टाचणी घेत आणि बंद करत. माझ्याखालच्या ओळीकडे त्यांचे कधी लक्षच गेले नाही. मला ती ओळ पाठ झाली होती; पण मला तोंड कुठे आहे?

एका दुपारी काचभट्टीवर काम करणाऱ्या माणसाची बायको ते कागद पाहायला आली. वर्षानुवर्षे धग सोसून तिच्या नवऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. ज्यावरून धगीचा अंदाज घ्यायचा तो भट्टीचा रंग त्याला ओळखू येईना, तेव्हा कारखान्याने त्याच्या हातात झाडू दिला होता. विमा कंपनीने शस्त्रक्रियेला नकार दिला होता आणि त्या नकाराला उत्तर द्यायला आठच दिवस उरले होते.

"ताई, ते कागद आता येत नाहीत," सावकाशराव म्हणाले. "जुनेही गेले."

"सगळे?"

"सगळे. मीच चढवले टेम्पोत."

तिने बाकावर बसून पिशवीतून कंपनीचे पत्र काढले. मग म्हणाली, "निदान हे पत्र तरी वाचून दाखवा. घरी कुणाला ते अक्षर लागत नाही."

त्यांनी खणातून मला काढले. पत्रात लिहिले होते, 'भट्टीच्या कामामुळे आलेला मोतीबिंदू आमची कंपनी कोठेही मान्य करत नाही.' त्यांनी ते दोनदा वाचले, पत्र परत दिले आणि मला खणात ठेवले. खण लोटता लोटता त्यांचा हात थांबला. माझ्याखाली त्याच कंपनीची ओळ होती. 'काचभट्टी. मोतीबिंदू. मंजूर: नऊ.'

"ताई," ते म्हणाले, आणि त्यांनी खणच बाहेर ओढून टेबलावर पालथा केला. टाचण्या सगळीकडे झाल्या.

"कागद घेऊन जा, पण कचेरीचा शिक्का नाही देता येणार हो. नियमच गेलाय."

"शिक्का राहू द्या. वर त्यांचंच नाव आहे ना? बस झालं."

दोन महिन्यांनी ती नवऱ्याला घेऊन आली. कंपनीला आपल्याच कागदापुढे कानांवर हात ठेवता आले नव्हते. त्याने मला खिडकीशी नेले आणि नव्या डोळ्याने कितीतरी वेळ पाहिले. "एकही बुडबुडा नाही," तो म्हणाला. "ज्यानं ही काच ओतली, त्याचा हात चांगला होता." इतके कौतुक माझे आजवर कुणी केले नव्हते. मला रडू आले असते.

गोष्ट इथेच संपली असती तर बरे झाले असते. पण मागच्या आठवड्यात रंगाच्या कारखान्यातला एक माणूस आला. हातांची सालपटे निघालेली, खिशात तसेच पत्र. सावकाशरावांनी सगळे खण धुंडाळले. शेवटी माझा खण उघडला, मला बाजूला केले आणि खाली पाहत राहिले. तो कागद तर तिला देऊन झाला होता. ते त्याला "सावकाश" म्हणाले नाहीत. तो माणूस पत्राची घडी घालून निघून गेला.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. पितळ टिकते. तुम्ही मोठे व्हाल, कामाला लागाल, तेव्हा आपल्याबद्दल कुठे काय लिहिले जाते ते मागून घ्या, वाचा आणि ते लिहिणे कुणी थांबवू लागले तर गप्प बसू नका. आहे ते मी मोठे करून दाखवीन. नाही त्यापुढे माझे काही चालत नाही.

सावकाशराव अजून रोज मला पुसतात आणि परत खणात ठेवतात. माझ्याखाली आता नुसते लाकूड आहे. त्याच्या रेषा फार स्पष्ट दिसतात.