सत्तेचाळीस ग्रॅम

माझी सून माझ्या मुलाच्या शर्टाची बटणं लावते. रोज सकाळी, स्वयंपाकघराच्या दारात, माझ्या डोळ्यांदेखत. मुलगा काही चार वर्षांचा नाही, चव्वेचाळीस पूर्ण झाली त्याला. तो मान वर करून उभा राहतो आणि ही वरच्या बटणापासून सुरुवात करते. एकेक, सावकाश, जणू घड्याळ हिच्या माहेरून आलंय. मी दोन आठवडे गिळलं. तिसऱ्या आठवड्यात बोलले.

"बूटही घाल. आणि निघताना पापा घे."

"बूट घातलेत, आई," ती म्हणाली, आणि त्याची कॉलर सारखी केली.

या घरात मला उलट उत्तर द्यायची छाती फक्त तिचीच. म्हणून ती मला आवडते. हे मी तिला कधी सांगितलं नाही, सांगणारही नाही. पण बटणं म्हणजे अतीच झालं.

आमचं दुकान वजनकाट्यांचं. पुढे दुकान, मागे घर, त्याच्या मागे फरशी घातलेलं परसू. बाजारातला एखादा काटा अर्धा ग्रॅम जरी खोटं बोलायला लागला, तरी तो आमच्याकडे येतो. दुकान माझ्या नवऱ्याने काढलं, आता मुलगा बघतो. मी चौथीपर्यंत शिकले. आकडे घडाघडा वाचते, अक्षरांशी अजून झटापट चालते. पण चाळीस वर्षं वजनं हाताळून माझ्या तळहाताला पाच ग्रॅमचा फरक कळतो. लोक पैज लावून हरलेत. मापात पाप नको, हे वाक्य माझ्या मुलाने अक्षरं गिरवायच्या आधी ऐकलंय.

त्याला वेड एकाच गोष्टीचं. शर्यतीची सायकल, बोटाएवढ्या टायरांची. दर रविवारी सातआठ जण मिळून डोंगरावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चढतात. सायकल हलकी करायचा याला इतका सोस, की मित्र याला ग्रॅमसाहेब म्हणतात. घंटी काढली, स्टँड काढला, सीटखालची पिशवी काढली. मी एकदा म्हटलं, "अरे, निघायच्या आधी नीट संडासला जाऊन आलास, तर याच्या दसपट वाचेल." तेव्हा तो पोट धरून हसला होता.

त्या मंगळवारी चहाच्या टेबलावर चार वाकड्यातिकड्या वस्तू पडल्या होत्या.

"हे काय आणलंस?"

"केज आहेत, आई. सायकलला पाण्याची बाटली अडकवतात ना, ते. पिंजरा म्हण."

"बाटलीला पिंजरा? का, उडून जाते की काय ती?"

एरवी तो यावर हसला असता. त्या दिवशी नुसते ओठ हलवले आणि बायकोकडे बघितलं.

चारांतला एक जुना धातूचा, सायकलीबरोबर आलेला. एक काळा, कार्बनचा. तो त्याने गेल्या वर्षी घेतला होता आणि नातू दाखवावा तसा घरभर दाखवला होता. अठरा ग्रॅम! एक लाल, बाजूने उघडणारा. आणि एक करड्या प्लास्टिकचा, नवा कोरा.

"काळा का काढलास? जीव होता ना तुझा त्याच्यावर?"

"जड वाटायला लागला."

"आणि हा करडा?"

"हा सोळा ग्रॅमचा," तो खिडकीकडे बघत म्हणाला. "चढावर एकेक ग्रॅम जाणवतो, आई."

मी करडा उचलला, तळहातावर ठेवला. मग काळा ठेवला. "हा करडा जड आहे."

"तुझा तळहात म्हातारा झाला आता."

सुनेने घाईघाईने त्याच्यासमोर चहा ठेवला. कप अर्धाच भरलेला होता. त्याने तो डाव्या हाताने उचलला.

मला राग आला होता तळहाताला म्हातारा म्हटल्याचा. बाकीचं तेव्हा नुसतं दिसलं, कळलं नाही.

दुपारी तो एका गिऱ्हाइकाकडे मोठा काटा बसवायला गेला. मी ते पिंजरे पिशवीत घालून दुकानात आले. आमच्याकडे काचेच्या पेटीतला एक नाजूक काटा आहे, माझ्या नवऱ्याच्या हातचा. दुकान उघडलं की आधी ती पेटी उघडायची, चिमट्याने एकेक छोटं वजन ठेवून काटा तपासायचा, मग दिवस सुरू, असा आमच्याकडचा रिवाज. वजनांना बोट लावायचं नाही. बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं.

पेटीच्या झाकणावर धूळ होती. चिमटा उचलला तर त्याच्याखाली धुळीत चिमट्याचाच आकार उमटलेला.

मी काळा पिंजरा पारड्यात ठेवला. अठरा. करडा ठेवला. सत्तेचाळीस. काढून पुन्हा ठेवला. सत्तेचाळीसच.

खोटं कोण बोलत नाही? मी बोलते, सून बोलते, तोही बोलत असेल. पण वजनाबद्दल? ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या मापातलं पाप काढलं, त्याने घरात, माझ्यासमोर, एकतीस ग्रॅम लपवले. मी तिथल्या स्टुलावर बसले. लाल पिंजरा हातात घेऊन फिरवून बघितला. तो डाव्या बाजूने उघडत होता. माझा मुलगा उजव्या हाताचा.

डावीकडून उघडणारा पिंजरा. अर्धा भरलेला कप. चिमट्याभोवतीची धूळ. बटणं. एकेक वजन पारड्यात पडत गेलं आणि काटा नेमका तिकडे झुकला, जिकडे मला बघायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसातून आवाज आला. टप्प. थोडा वेळ काही नाही. पुन्हा टप्प. मी खिडकीशी गेले.

सून सायकल धरून उभी होती, तो सीटवर बसला होता. डावा हात हँडलवर. उजव्याने खाली वाकून बाटली ओढत होता. बोटं बाटलीभोवती जात होती, अंगठा मागेच राहत होता. बाटली अर्धी वर आली आणि फरशीवर पडली. टप्प. सुनेने ती उचलली, पुसली, पिंजऱ्यात घातली. पुन्हा. टप्प.

आणि मग उन्हात मला त्याचा हात नीट दिसला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधलं मांस बसलं होतं. तिथे खळगा होता.

तो खळगा मी ओळखते.

माझ्या नवऱ्याच्या हातून पहिल्यांदा कप पडला, तेव्हा मी म्हटलं होतं, "हाताला भोकं पडलीत का?" तो हसला. कपानंतर चिमटा. चिमट्यानंतर पेन. प्रत्येक वेळी मी काहीतरी बोलले, आणि प्रत्येक वेळी तो हसला. मग एक दिवस डॉक्टरांनी कागदावर आजाराचं लांबलचक नाव लिहून दिलं. ते मी कधी वाचलं नाही. पुढची तीन वर्षं ते माझ्यासमोरच रोज थोडं थोडं लिहिलं जात होतं.

मुलगा दुकानात गेल्यावर मी सुनेला गाठलं. ती कप विसळत होती.

"कधीपासून?"

काय कधीपासून, असं तिने विचारलं नाही. नळ बंद केला. "सहा महिने."

"डॉक्टर?"

"दोन झाले. सोमवारी सुया टोचून तपासणी आहे. त्याशिवाय नक्की सांगता येत नाही म्हणाले."

"मला का नाही सांगितलंत? माझ्या जिभेला भिता?"

"तुमच्या जिभेला कोण भितं, आई?" ती म्हणाली. "ते म्हणाले, आईला कळलं, की ती माझ्याकडे बघणार नाही. माझ्या हाताकडे बघत बसेल."

मी खुर्ची ओढली. बसले. विचारलं, "मग ही सायकलीची थेरं कशाला?"

"सोमवारच्या आधी एकदा टाकीपर्यंत जायचंय त्यांना. सगळ्यांबरोबर, नेहमीसारखं. उतरताना मित्राच्या गाडीतून येणार, ब्रेक दाबवत नाही म्हणून. पण चढायला दीड तास लागतो, पाणी हवंच. थांबून प्यायले तर सगळ्यांच्या लक्षात येईल. घट्ट केजमधून बाटली निघत नाही. डाव्या हाताने काढावी, तर उजव्याला एकट्याने हँडल धरवत नाही. आणि सैल घेतला, तर खड्ड्यात बाटली उडून मागच्याच्या चाकाखाली जाते."

"म्हणजे उडते खरंच," मी म्हणाले.

हसलो नाही दोघी.

शनिवारी दुपारी मी दुकानातला नवऱ्याची छोटी पक्कड आणि कानस काढली. काट्यांच्या स्प्रिंगा मी वर्षानुवर्षं बसवल्यात. पकड किती असावी हे मला पुस्तकातून शिकावं लागत नाही. प्लास्टिक वाकवलं तर तुटतं, कार्बन तर बोलूच नका. मी जुना धातूचा घेतला. बाटलीच्या खाचेत अडकणारा त्याचा दात निम्मा घासला. दोन्ही बाजूंच्या तारा केसभर उघडल्या. मग पाण्याने भरलेली बाटली घातली, पिंजरा उलटा करून गदागदा हलवला. राहिली. मग माझा उजवा अंगठा पहिल्या बोटाखाली दाबून धरला आणि उरलेल्या तीन बोटांनी ओढून बघितली. अडली. आणखी थोडं घासलं. पुन्हा तीन बोटं. दहाव्या की अकराव्या खेपेला बाटली अशी आली, जशी स्वतःहून निघाली.

रविवारी सकाळी त्याने सायकल बाहेर काढली आणि थबकला.

"हा कुणी बसवला?"

"मी."

"आई, हा जुना आहे. एकोणचाळीस ग्रॅमचा."

"अडतीस. एक मी घासून काढला."

तो सीटवर बसला, खाली हात नेला. बाटली आली. त्याने एक घोट घेतला, परत ठेवली. पुन्हा काढली. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, फक्त तोंडाकडे. हाताकडे एकदाही बघितलं नाही. फार जड गेलं. पण केलं.

"अंगठा लागत नाही याला," तो हळूच म्हणाला.

"नाही लागत," मी म्हणाले. "जा, उशीर होतोय."

तो दुपारी आला, उन्हाने लाल झालेला. मित्राच्या गाडीच्या टपावरून सायकल उतरवली. टाकीपर्यंत गेला होता. सगळ्यांच्या शेवटी, पण गेला होता. बाटली रिकामी होती. मी ती उन्हात पालथी घातली आणि तिच्याशेजारी उगाच थोडा वेळ उभी राहिले.

मग सोमवार आला. तपासणीला निघायचं म्हणून त्याने पांढरा शर्ट काढला होता. स्वयंपाकघराच्या दारात तो मान वर करून उभा राहिला. डोळे छताकडे. सुनेने वरचं बटण धरलं. ते काजात जाईना.

मी हातातला कप खाली ठेवला.

"तुला बटणं लावता येत नाहीत," मी तिला म्हणाले. "वरून सुरू करतेस. वरून लावलं, की माणसाला शाळेत जाणाऱ्या पोरासारखं मान ताणून उभं राहावं लागतं. खालून लाव. खालून एकेक करत वर ये. म्हणजे शेवटच्या बटणाला तोंडासमोर तोंड येतं, आणि त्याला वाटतं, बायको जवळ आली. मी तीन वर्षं लावलीत बटणं. त्यातली दीड वर्षं चुकीची लावली."