तेवढ्याच वजनाचा ठोकळा

मंजुषा आणि प्रणय यांचं जमलं ते एका कॅमेऱ्यावरून भांडता भांडता. दोघंही एकाच संशोधन संस्थेत होती. पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय पट्ट्यात वेगवान भारित कण अडकून पडलेले असतात. त्यातला एखादा आपला भार गमावतो, साधा अणू होतो आणि चुंबकाला न जुमानता सरळ सुटतो. असे सुटलेले अणू टिपून त्या न दिसणाऱ्या पट्ट्याचं चित्र काढायचं, असा तो उपग्रहावर बसवायचा कॅमेरा. अणूच्या वाटेत कार्बनचा पापुद्रा ताणायचा, तोही इतका पातळ की फुंकरीनं फाटावा. त्याला आधार म्हणून मागे बारीक तारांची जाळी.

"जाळी दाट हवी, नाहीतर पापुद्रा टिकणार नाही," मंजुषा म्हणायची.

"मग अणू आत येणार कसे?" प्रणय हसायचा.

शेवटी प्रणयचंच चाललं. जाळी विरळ ठेवली. लग्न झालं, दोघांनी जुईनगरला घर घेतलं. सत्त्याण्णव साली ठाणे-बेलापूर रस्त्यावर टँकरनं प्रणयच्या स्कूटरला धडक दिली आणि सगळं संपलं.

कॅमेरा मंजुषानं एकटीनं पुरा केला. जाळी मात्र तिनं बदलली नाही. त्याचा शब्द मोडवेना. उड्डाणाआधीच्या कंपन चाचणीत विरळ जाळीवरचा पापुद्रा उभा फाटला. नवा बसवायला वेळ उरला नव्हता.

"उपग्रहाचा तोल जायला नको," प्रमुख दिनानाथ सर खाली बघत म्हणाले. "तेवढ्याच वजनाचा ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवू. माप तूच दे."

तिनं माप दिलं.

उड्डाणाच्या दिवशी तळवलीला सासऱ्यांच्या घरी टीव्हीसमोर आळी जमली होती. अग्निबाण उठला तशा टाळ्या पडल्या. "आपल्या प्रनयचा कॅमेरा हाय त्यान!" सासरे धर्मा सगळ्यांना सांगत होते. सासूबाई कमळी पेढ्यांचा पुडा सोडत होत्या.

मंजुषाला राहवेना. "बाबा, कॅमेरा नाही गेला. चाचणीत आतला पापुद्रा फाटला. त्याच्या जागी नुसता ठोकळा गेलाय."

धर्मा तिच्याकडे वळले. "कोनाची चूक झाली?"

भिंतीवर प्रणयचा फोटो होता, ताजा हार घातलेला.

"माझी," मंजुषा म्हणाली.

धर्मांचे डोळे भरून आले. "तो असता तं फाटू दिला नसता."

"हो बाबा," ती म्हणाली, आणि कमळीबाईंच्या हातातला पुडा घेऊन आत ठेवायला गेली.