डावखुरा पीळ

माझा धंदा सभा-समारंभांना स्टेज, पडदे, माइक पुरवायचा. खोड्या काढणं हा जोडधंदा, त्याला भांडवल लागत नाही. पण परवाची खोडी नव्हती, आईशप्पथ!

प्रथिनांवर संशोधन करणाऱ्यांची एक संस्था आहे. देशोदेशीचे विद्वान तिचे सभासद. त्यांचं अधिवेशन भरलं आणि स्टेजचं काम भाचीने मला मिळवून दिलं, कारण ती त्यांच्यातलीच. तिचं भाषण ऐकून अध्यक्षबाई ठरवणार होत्या, हिला आपल्या प्रयोगशाळेत घ्यायचं की नाही. पोरीला आठवडाभर जेवण गोड लागत नव्हतं.

मागच्या पडद्यावर तिने काढलेलं प्रथिनाचं चित्र होतं. गोल गोल वर चढणारा जिनाच म्हणा ना. खाली तिचं नाव. पण जिन्याची शेपटी नेमकी भाषणाच्या टेबलामागे लपत होती. म्हणून छापताना मी चित्र डावं-उजवं पलटून टाकलं. काय झकास दिसलं!

दारं उघडली. पहिला विद्वान आत आला, पडदा बघून त्याने अंगठा वर केला. मी खूश. मग दुसऱ्याने केला. मग अख्ख्या रांगेने. मीही दोन्ही अंगठे दाखवले. पण ही मंडळी अंगठा ताठ धरून मूठ फिरवत होती, हवेत नळ उघडत असल्यासारखी, आणि एकमेकांना कोपरखळ्या मारत होती.

भाची धावत आली. "मामा, काय करून ठेवलंस?"

"अगं, लोक खूश आहेत! अंगठे बघ!"

"पीळ तपासतायत ते! उजवा अंगठा वर धरला की बोटं वळतात तसा हा चढायला हवा. तू डावा केलास. आता म्हणतील, हिला एवढंही कळत नाही."

"मग उलटा टांगतो. त्यात काय!"

"डोक्यावर उभा केलास तरी डावा तो डावाच राहतो!"

मी मुठी वर केल्या, खाली केल्या, फिरवल्या. माझंच डोकं फिरलं. जिना उलटा केला तरी तसाच? या लोकांच्या घरी वर जायचं कुठून?

तेवढ्यात तिला स्टेजवर बोलावलं. मी आधी माइक पकडला. "मंडळी, चित्र मुद्दाम चुकवलंय! जागं कोण आहे, ते बघत होतो!"

हशा. टाळ्या. मी छाती फुगवली.

अध्यक्षबाई मात्र हसल्या नाहीत. भाचीला म्हणाल्या, "मुद्दाम?"

मी डोळा मारला. हो म्हण गं, हो म्हण!

"नाही," ती म्हणाली. "मामाने पलटवलं. सकाळी मी याच पडद्यासमोर सराव केला, पण माझ्या लक्षात आलं नाही."

मी कपाळावर हात मारला. पिकलेलं पीक स्वतःच्या हाताने पेटवलं की कार्टीने!

बाईंनी पर्समधून मोबाइल काढला, बराच वेळ त्याकडे बघितलं. "सकाळी मी याच पडद्यासमोर फोटो काढून घेतले. सगळ्यांना पाठवलेसुद्धा." मग मोबाइल उपडा ठेवला. "बोल आता."

ती बोलली. मला ओ की ठो कळलं नाही. शेवटी बाई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून ये. मामांना आणू नकोस."

म्हणजे, टाळ्या मी मिळवल्या, आणि मलाच नको?