पायाची हळद

"पयली हळद तूच लावायची, शाले. आमचं सगळ्यांचं ठरलंय," हरणाबाई म्हणाली आणि पुढ्यातलं आंब्याचं डहाळं ओढून त्याची पानं खुडायला लागली.

तांदूळ निवडता निवडता शालूबाईचा हात थांबला. दारात मांडव पडला होता, उद्या हळद आणि परवा लग्न. पूजा तिची एकुलती एक लेक आणि हरणाबाई थोरली जाऊ. या घरात हरणाबाईनं ठरवलेलं सहसा कुणी मोडत नसे.

"काय तरीच काय, आक्का. सवाष्णी हाईत की एवढ्या."

"त्या लावतील मागनं. बापाच्या माघारी पोरगी तू वाढीवलीस, शिकवलीस. पार मिरजंच्या दवाखान्यात नर्स केलीस. मग पयला हात कुणाचा? रहिमतपूरच्या पावण्यांनाबी इचारलंय. त्यांचं काय म्हणनं न्हाई."

शालूबाई पुन्हा तांदळातले खडे वेचायला लागली. ती लाजतेय, जुन्या रीतीला भितेय असं हरणाबाईला वाटलं. लोकांचं भय शालूबाईनं केव्हाच सोडलं होतं. तिची अडचण वेगळीच होती आणि ती तिनं आजवर कुणालाही सांगितली नव्हती.

सांगली हे हळदीच्या जिवावर मोठं झालेलं शहर. गणपती मंदिर, कृष्णेचा घाट, बागायतदारांच्या गाड्या हे सगळं पाहुण्यांना दाखवायला ठीक. पण इथल्या कित्येक घरांची चूल पेटते ती हळदीवर. कुठकुठल्या मुलखातली हळद मार्केट यार्डात येऊन पडते. व्यापारी हळकुंड कटकन मोडून आतला रंग बघतात आणि बोली चढत जाते. शालूबाई त्याच यार्डात निवडणीला जायची. हळकुंडं एकीकडं, गड्डे एकीकडं, खडे-माती बाजूला. धुरळा नाकातोंडात जाऊ नये म्हणून बायका फडकी घट्ट बांधून बसायच्या, त्यामुळं एकमेकींचे नुसते डोळे दिसायचे. शालूबाईला ते बरंच वाटायचं.

तिचा नवरा गुंडा हरिपुरातल्या पेवांवर हमाल होता. सांगलीला लागून असलेल्या या गावाची मातीच अशी, की खोल पेव खणावं, पोतीच्या पोती हळद आत ओतावी, तोंड लिंपून टाकावं आणि खुशाल विसरून जावं. वर्षानुवर्षं तिला कीड लागायची नाही. पेव उघडायची मात्र एक रीत होती. झाकण काढल्यावर आतली कोंडलेली हवा जाईपर्यंत थांबायचं, मग दोरीनं कंदील खाली सोडायचा. तो जळत राहिला तरच माणसानं उतरायचं. त्या दिवशी बाहेर ट्रक खोळंबले होते, मालकाची घाई चालली होती. "रोजचंच काम हाय, कंदील कशाला?" असं म्हणत गुंडा उतरला. अशी चूक पेवाची सवय झालेल्या माणसाच्याच हातून होते. नवा माणूस भ्यायला असता आणि वाचला असता.

पूजा तेव्हा पाळण्यात होती. निरोप आला तशी शालूबाई धावत गेली. गुंडाला वर काढून झाडाखाली निजवला होता. कपाळ, गाल, ओठ, सगळं हळदीनं माखलेलं. लग्नात बोहल्यावर चढायच्या आदल्या दिवशी तो हुबेहूब असाच दिसला होता.

पुढं महापूर आला. पेवांत पाणी शिरलं, हळद कुजली, तिचा वास कितीतरी दिवस हटला नाही. त्यानंतर तिथली पेवं बुजत गेली, वर प्लॉट पडले, बंगले उठले. माल कोल्ड स्टोरेजला जायला लागला. गुंडाचं पेव आता कुणाच्या घराखाली आहे, हे शालूबाईला ठाऊक नव्हतं. तिनं कधी विचारलंही नाही. ज्या हळदीनं माणूस नेला तिच्यावरच पोट भरावं लागलं याचा राग तिच्या मनात होता, पण राग करून लेकरू जगलं नसतं. कुणाच्याही लग्नात हळद लागायची वेळ आली की ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसे. लोक म्हणत, शहाणी बाई आहे, आपली पायरी ओळखते.

दुसऱ्या दिवशी रहिमतपूरहून नवरदेवाची उष्टी हळद आली. पूजा पाटावर बसली, बायकांनी गाणं धरलं. हरणाबाईनं स्वयंपाकघरातून शालूबाईला हाताला धरून आणलं आणि तिच्यापुढं वाटी केली.

शालूबाईनं हळदीत बोटं बुडवली. हात पूजाच्या गालापर्यंत गेला आणि तिथंच अडला.

"लाव की गं," हरणाबाई हळू आवाजात म्हणाली. "कोण काय म्हणत न्हाई."

"लोकांचं न्हाई ओ, आक्का." शालूबाईनं हात मागं घेतला. "मला त्यांचं तोंड दिसतंय. पेवातनं काडलं तवाचं. असंच माखलेलं हुतं."

गाणं थांबलं. पूजा आईकडं बघत राहिली. आई हळदीला का येत नाही याचा तिनं लहानपणापासून एकच अर्थ लावला होता, विधवा म्हणून तिला कुणी येऊ देत नाही, आणि त्यापायी ती सगळ्या नातेवाइकांशी भांडली होती. हरणाबाईनं डोळ्याला पदर लावला.

शालूबाई खाली बसली. "पायाला लावते," ती म्हणाली.

पूजानं झटकन पाय आखडले. "आई, माज्या पायाला कशाला हात लावतीस?"

"लावू दे, बाळा. मला तेवढंच जमंल."

पूजानं पाय पुढं केले. शालूबाईनं घोट्यांना हळद लावली, टाचांना लावली, मग एकेका बोटाच्या बेचक्यात भरत राहिली. मान तिनं वर केली नाही. कुणीतरी पुन्हा गाणं धरलं. हरणाबाई पुढं झाली, तिच्यामागून सवाष्णी आल्या. वरून हळदीचे थेंब शालूबाईच्या हातावर पडत होते. पोरीचं तोंड आता माखत असणार हे तिला कळत होतं. ती पाय घट्ट धरून बसली.

बायका लावून बाजूला झाल्या तरी तिचा हात चालूच होता.

"आई, सोड की आता," वरून पूजाचा आवाज आला. "गुदगुल्या हुत्यात."

शालूबाईनं मान वर केली. पोरीचं तोंड सगळं पिवळं झालं होतं, आणि ते हसत होतं.

ती बघत राहिली. मग पाटावर हात टेकून तिनं अंग उचललं आणि वाटीत उरलेली हळद पोरीच्या गालाला लावली.