टाउनोचा सूर

डिसेंबर तोंडावर आला की फिनलंडमधल्या तुर्कूत मैफलींच्या जाहिरातींना ऊत येतो. बेकरीच्या काचेवर, ग्रंथालयाच्या दारात, नदीकाठच्या खांबाखांबावर. त्यातलीच एक, इर्मेली ज्याचं संचालन करायची त्या चर्चच्या गायनवृंदाची होती आणि त्या जाहिरातीवर ठळक अक्षरांत तिच्या नवऱ्याचं, टाउनोचं, नाव होतं. पहिलं गाणं तोच एकटा सुरू करणार होता. हल्ली ते नाव दिसलं की इर्मेली नजर दुसरीकडे वळवायची.

टाउनोचा सूर उतरायला लागला होता.

आधी तिला वाटलं, थंडीने घसा बसला असेल. मग वाटलं, आपलेच कान थकले. पण मंगळवारच्या तालमीत त्याने पहिलं कडवं नेहमीसारखं बिनसाथीचं म्हटलं, मागून ऑर्गन सुरू झाला, आणि दोघांचे सूर असे विजोड निघाले की बायकांच्या रांगेने माना खाली घातल्या. टाउनो मात्र शांतपणे पान उलटत होता. त्याला पत्ताच नव्हता.

तालीम संपल्यावर तिची जुनी मैत्रीण कारिना कोट चढवत जवळ आली.

"तू सांगतेस की मी सांगू?"

"काय सांगायचं?"

"मला वेड्यात काढू नकोस, इर्मेली. रविवारी चर्च गच्च भरलेलं असेल."

"सांगते गं. बघते."

"बघतेस काय! कान आहेत ना तुला?"

सांगायचं कसं? भांडी विसळताना ती मनात वाक्यं जुळवायची आणि टाउनो स्वयंपाकघरात आला की गिळून टाकायची. तो कॉफी ओतत तेच कडवं गुणगुणायचा. तिचे हात थांबायचे.

शुक्रवारी दोघं सौनात, घरच्या वाफेच्या खोलीत, बसली. टाउनोने तापल्या दगडांवर पाणी मारलं, वाफ चर्रकन वर आली, आणि त्या धूसरपणात तिला धीर आला.

"टाउनो, तुझा सूर उतरतोय."

त्याने पुन्हा दगडांवर पाणी मारलं. ती त्याच्या उजवीकडे बसली होती. वाफेच्या आवाजात ऐकूच गेलं नसेल, असं वाटून ती उठली, समोर खालच्या फळीवर बसली आणि तेच पुन्हा म्हणाली.

"पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा म्हणायचा धीर होतो का, ते बघत होतो."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"सुराचं नव्हतं. कानाचं होतं. उन्हाळ्यापासून उजव्या कानात कापूस कोंबल्यासारखं वाटतंय."

"आणि मला एका शब्दाने बोलला नाहीस!"

"बोललो असतो तर तुला मला काढावं लागलं असतं."

"मग चार लोकांत फजिती झालेली चालली असती?"

त्याने पळी बादलीत ठेवून दिली. इर्मेली म्हणाली, "ऑर्गनवर खालचा एक सूर तुझं कडवं संपेपर्यंत धरून ठेवायला सांगते. तू डावा कान तिकडे करून उभा राहा."

"म्हणजे कुबडी."

"कुबडीच. नाहीतर कारिना गाईल."

"कारिना? ती श्वास घेते तो लोहाराच्या भात्यासारखा!"

"मग घे कुबडी."

त्याने दगडांवर अख्खी बादली रिकामी केली.

रविवारी चर्चमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. खालचा सूर लागला. टाउनो तिरका उभा राहून गायला लागला. पहिल्या दोन ओळी नीट गेल्या. तिसरीत आवाज किंचित खाली घसरला. इर्मेलीने उंचावलेला हात तसाच धरून ठेवला. टाउनोने डोळे मिटले, मान आणखी वळवली आणि सूर हळूहळू वर आला, कष्टाने, ओझं उचलल्यासारखा. वृंदाने साथ धरली, ऑर्गन पूर्ण आवाजात वाजू लागला, आणि कुठेही काही खटकलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने मात्र सूर घसरला तेव्हा डोकं वर केलं होतं. टाउनोनेही ते पाहिलं होतं.

बाहेर बर्फाचा चिखल झाला होता. दोघं जपून पावलं टाकत घराकडे निघाली.

"ईस्टरला मी मागच्या रांगेत," टाउनो म्हणाला.

"बघू."

"बघू नाही. ठरलं." मग डावा कान तिच्याकडे यावा म्हणून तो वळून तिच्या दुसऱ्या बाजूला आला. "आणि डॉक्टरकडे तू बरोबर चल. तो काय सांगेल ते मला एकट्याने ऐकायचं नाही."