धाकूचा न उतरणारा पारा

मी रक्तदाब मोजायचा एक जुना डबा आहे. झाकण उघडलं की माझी पाऱ्याची नळी उभी राहते. मित्रांनो, गोवा घटक राज्य झालं त्या वर्षी मी डिचोलीजवळच्या एका दवाखान्यात आलो. खाणीवरची, शेतातली कितीतरी माणसं माझ्यासमोर दंड पुढे करून बसली. त्यांतला धाकू मी विसरलो नाही.

धाकू सावंतवाडीकडचा, खाणीवर ट्रक चालवायचा. अजून चाळिशीही गाठली नव्हती. माझा पट्टा दंडावर आवळला की पारा दोनशेच्या वर. गोळ्या बदलल्या, वाढवल्या, पारा उतरेना.

"तू गोळ्या घेत नाहीस. दारूही पितोस," मोठे डॉक्टर सगळ्या रांगेसमोर म्हणाले.

त्याची बायको चंद्रावती पुढे झाली. "डॉक्टरानू, मी सोता तेंच्या हातार गोळ्यो ठेवतंय. गणपतीच्या चवथीपासून थेंब नाय तोंडाक."

"मग हा पारा खोटं बोलतो?"

मी खोटं बोलत नव्हतो. पण दाब का चढला, ते मला सांगता येत नव्हतं. धाकू मान खाली घालून गेला, तो दोन पावसाळे फिरकला नाही.

परतला तो चंद्रावतीच्या खांद्याचा आधार घेऊन. डोळ्यांपुढे अंधारी, डोकं फुटेलसं दुखत होतं. तोवर संजनाबाई नव्या डॉक्टर म्हणून आल्या होत्या. त्यांनी त्याला खाटेवर निजवलं आणि नर्स सुमंगलाला सांगितलं, "गोळ्या तू दे. गिळेपर्यंत समोर उभी राहा." आठवडा गेला. पारा तिथंच.

"धाकू खरेंच सांगतालो गे बाई," सुमंगला पुटपुटली.

संजनाबाईंनी त्याला मुंबईला पाठवलं. तिथं कारण सापडलं. मेंदूच्या तळाशी एक रक्तवाहिनी वळसा घेऊन मज्जातंतूवर दाबून बसली होती. तिच्या प्रत्येक ठोक्याचा मार त्या मज्जातंतूला बसत होता आणि त्यानेच दाब चढत होता. डाव्या कानामागचं हाड उघडून डॉक्टरांनी दोहोंच्या मध्ये एक बारीक मऊ गादी सरकवली.

धाकू परत आला तेव्हा भादरलेल्या डोक्यावर केस उगवू लागले होते. संजनाबाईंनी पट्टा आवळला. पारा उतरत उतरत एकशे तीसवर थांबला. चंद्रावतीने मला हात जोडले.

"आता पटला मां?" धाकूने विचारलं. ज्यांना विचारायचं होतं, ते डॉक्टर केव्हाच बदलून गेले होते.

पण त्याचे पाय सुजले होते. इतकी वर्षं चढलेल्या दाबाने मूत्रपिंडं आधीच निकामी केली होती. होळीच्या शिगम्याआधी धाकू गेला.

मित्रांनो, पाऱ्याचे डबे आता कोणी वापरत नाही, म्हणून मला जपा असं मी म्हणत नाही. एवढंच मागतो, की आजारी माणूस काही सांगू लागला, तर माझ्यावरच्या आकड्याकडे बोट दाखवण्याआधी त्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्या. धाकूचं कोणीतरी ऐकलं, पण फार उशिरा.